सत्तावन्न बाय सत्तावन्न

बजाज चेतकच्या सिलिंडरचा व्यास ५७ मिलिमीटर. पिस्टनची धावही ५७ मिलिमीटर. हिशेब केला की येतात १४५.४५ सीसी, आणि त्यातून कारखान्याने काढली साडेसातच्या आसपास अश्वशक्ती. या ५७-५७ मध्ये अजून किती ताकद दडली आहे, हे शोधण्याचं काम जोगेश्वरी पूर्वेला, केव्हज रोडच्या आतल्या एका गल्लीतल्या गाळ्यात अजून चालू आहे. संपादकांनी कुठून तरी ऐकलं होतं, आणि जुन्या स्कूटरी पळवणाऱ्यांवर लिहा म्हणून मला पाठवलं. मी गेले ती स्कूटरवर लिहायला. अडकले मात्र एका पोर्टमध्ये.

इतिहास थोडक्यात सांगते. भांडुपला ऑटोमोबाईल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाने लॅम्ब्रेटा जुळवायला सुरुवात केली, तीच पुढे लॅम्बी झाली. बजाजने इटलीच्या पियाजिओच्या परवान्यावर व्हेस्पा काढली. १९७१ मध्ये तो करार संपला आणि १९७२ मध्ये चेतक आली. पैसे भरून वर्षानुवर्षं नंबर लावून बसणं आपल्या आई-वडिलांनी अनुभवलेलं आहे. कानपूरची एलएमएल ऐंशीच्या दशकात आली. २००९ च्या अखेरीस बजाजने स्कूटर बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. २०२० मध्ये चेतक हे नाव परत आलं ते बॅटरीवर.

गाळ्यातल्या मिस्त्रींचं मूळ गाव संगमेश्वरकडचं. नाव छापू नका म्हणाले, म्हणून मिस्त्रीच लिहिते. समोर लाकडी बाकावर बिडाचं सिलिंडर उपडं ठेवलेलं, शेजारी अॅल्युमिनियमचं हेड, आणि भिंतीला खिळ्यावर अंशांच्या खुणा केलेली पत्र्याची गोल चकती. चकती क्रँकला लावायची, क्रँक हाताने फिरवायचा आणि कोणता पोर्ट किती अंशांवर उघडतो ते वहीत लिहायचं. हत्यार हातात घेण्याआधी हे झालंच पाहिजे, असा त्यांचा नियम आहे. वहीत प्रत्येक इंजिनाचं एक पान आहे.

टू-स्ट्रोक इंजिनात वर झडपा नसतात. सिलिंडरच्या भिंतीत खिडक्या, म्हणजेच पोर्ट, असतात आणि पिस्टनच त्या उघडतो, मिटतो. खिडकीची वरची कड कुठे आहे, यावर इंजिनाचा सगळा स्वभाव ठरतो. एक्झॉस्ट पोर्टची कड फक्त १ मिलिमीटर वर सरकवा: ५७ च्या धावेत तो पोर्ट उघडा राहण्याच्या काळात ४ अंशांहून थोडी जास्त भर पडते. मिनिटाला ५,५०० फेऱ्यांवर एक फेरी एका सेकंदाच्या शंभराव्या भागाहून थोड्याच जास्त वेळात संपते. तेवढ्यात जळका वायू बाहेर जायचा, नवा आत यायचा आणि दोघांनी एकमेकांत मिसळायचं नाही. हे नीट जमत नाही म्हणूनच टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलचा चौथा ते तिसरा हिस्सा न जळताच सायलेन्सरमधून निघून जातो.

या गळतीवरचा सुंदर उपाय पूर्व जर्मनीत वॉल्टर काडेन या अभियंत्याने पन्नासच्या दशकात परिपूर्ण केला. सायलेन्सरच्या आधी फुगत जाणारी आणि मग निमुळती होणारी नळी बसवायची. दाबाची लाट त्या निमुळत्या टोकावर आपटून परत येते आणि बाहेर निसटलेला ताजा वायू पोर्ट मिटायच्या आत पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. १९६१ मध्ये त्यांच्या १२५ सीसीच्या एमझेडने २५ अश्वशक्तीपर्यंत मजल मारली. त्याच वर्षी त्यांचा शर्यतपटू एर्न्स्ट डेग्नर पश्चिमेला पळून गेला, सुझुकीला जाऊन मिळाला, आणि १९६२ चं ५० सीसीचं जगज्जेतेपद सुझुकीवर बसून जिंकलं. एका नळीच्या आकारासाठी देशांच्या सीमा ओलांडल्या गेल्या, यावरून त्या ज्ञानाची किंमत कळते.

मिस्त्रींकडे तशी नळी आहे, भिंतीला टांगलेली. गिऱ्हाइकाला ते ती सहसा लावून देत नाहीत. ती नळी ठरावीक फेऱ्यांवरच कामाला येते, त्याखाली इंजिन अडखळतं. एस. व्ही. रोडवर सिग्नलपासून सिग्नलपर्यंत दुसऱ्या गिअरमध्ये रांगणाऱ्या माणसाला ती काय कामाची? त्यांच्याकडे येणारे लोक मागतात ते लिंक रोडच्या चढावर, मागे बायको आणि पुढे पोर उभं असताना, गिअर न उतरवता चढणारं इंजिन. म्हणून एक्झॉस्ट पोर्टची वरची कड ते शेवटी बघतात, बऱ्याचदा बघतच नाहीत.

"वर घासलं की परत खाली येत नाही, ताई. बीड कापलं की गेलं."

त्याऐवजी ते सुरुवात करतात खालून. क्रँककेसमधून वायू सिलिंडरमध्ये जातो तिथे दोन ओतीव भागांची तोंडं एकमेकांशी जुळत नाहीत. कुठे अर्धा मिलिमीटर, कुठे एक मिलिमीटरची पायरी राहते. मिस्त्री गॅस्केट साचा म्हणून ठेवतात, मार्करने रेघ मारतात आणि हातातल्या ग्राइंडरने पायरी उतरवतात, मग बारीक फाईल. पोर्टच्या कडा किंचित मारतात, म्हणजे रिंग अडकत नाही. एक्झॉस्टची रुंदी व्यासाच्या दोन-तृतीयांशाच्या वर जाऊ देत नाहीत, नाहीतर रिंग खिडकीत फुगते आणि तुटते. यात नवीन असं काहीच नाही. कारखान्याने लाखोंच्या उत्पादनात जे सोडून दिलं, तेच इथे एकेका इंजिनावर पुरं केलं जातं. मला हा सगळा प्रकार अतिशय देखणा वाटला.

मग हेड. स्पार्क प्लगच्या भोकातून सोल्डरची तार भिंतीला टेकेपर्यंत आत सरकवायची आणि क्रँक एकदा फिरवायचा. पिस्टन वर येतो, तार चेपते. बाहेर काढून तिचं चपटं टोक व्हर्निअरमध्ये धरायचं. मी होते तेव्हा आलं २.१ मिलिमीटर. पिस्टन आणि हेडच्या कडेत एवढी फट राहिली की तिथला वायू आळशीपणे जळतो. मिस्त्रींना ती सव्वाच्या आसपास हवी. मग हेडवर ग्रीस लावून काच बसवली आणि दवाखान्यातल्या सिरिंजने आत तेल सोडत किती मिलिलिटर मावतं ते मोजलं. मूळ कम्प्रेशन साडेसातास एक धरलं, तर पूर्ण व्यासावर १ मिलिमीटर कमी केल्याने ते सव्वाआठच्या थोडं पुढे जातं. हेड लेथवर धरून दोन-तीन वेळा घासायचं, प्रत्येक वेळी पुन्हा तार, पुन्हा सिरिंज. घाई नाही. मदतीला असलेल्या मुलाने मध्येच "झालं ना उस्ताद?" विचारलं, तर उत्तर न देता त्यांनी तार त्याच्या हातात दिली.

इंजिनाला हात लावण्याआधी ते ब्रेक बघतात. १० इंची चाकं, ड्रम ब्रेक, आणि इंजिन उजव्या बाजूला लोंबणारं: ही गाडी आधी थांबली पाहिजे. ब्रेक शू बदलून घ्यायला जो तयार नाही, त्याचं काम ते घेत नाहीत.

इटलीत पोलिनीसारख्या कंपन्या याच जातीच्या व्हेस्पासाठी ६३ मिलिमीटरचं सिलिंडर विकतात, धाव तीच ५७, म्हणजे १७७ सीसी. एलएमएलच्या इंजिनालाही ते बसतं. एक तरुण तेच मागवून घेऊन आला होता. मिस्त्रींनी बसवून दिलं नाही. "आरसी बुकात लिहिलेलं सीसी मी बदलत नाही." घासलेल्या सिलिंडरला अर्धा मिलिमीटर ओव्हरसाईज पिस्टन टाकला तर १४८ सीसी होतात, ती तर रोजची दुरुस्ती. १७७ ही वेगळी गाडी.

त्यांचा हा संयम कायद्याच्या वाटेनेच जातो. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ उत्पादकाने दिलेल्या तपशिलांहून वेगळा बदल करू देत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच ठासून सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. फटाके फोडणारे सायलेन्सर आणि रात्रीच्या शर्यती पाहिल्यावर त्याची गरज पटते. पण कारखान्याची पायरी घासून सरळ करणारा हात आणि गाडीला कर्कश करणारा हात यांत फरक सांगणारी कोणतीही चाचणी, कोणताही परवाना आपल्याकडे नाही. मिस्त्रींची वही तांत्रिक नोंद म्हणून कोणत्याही अभियंत्याला मान्य होईल. ती दाखवायची कुणाला?

गाडी पन्नास वर्षांची झाली की २०२१ च्या नियमांनुसार तिला व्हिंटेज म्हणून नोंदवता येतं. सुरुवातीच्या चेतक त्या वयाला पोचल्या आहेत. पण अट अशी की इंजिनात बदल नको, आणि गाडी रोजच्या रस्त्यावर आणायची नाही. जी स्कूटर अजून कामाला जाते, तिला या नियमाचा उपयोग नाही.

धुराचा प्रश्न याहून अवघड आहे. मार्च २००० पर्यंतच्या दुचाकीला पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ९,००० पीपीएमपर्यंत चालतं. नंतरच्या टू-स्ट्रोकला ३.५ आणि ६,०००. ढिली मर्यादा आहे ही, आणि टू-स्ट्रोक कितीही नीट बांधलं तरी फोर-स्ट्रोकइतकं स्वच्छ होत नाही. मी दम्याच्या मुलांच्या वॉर्डात बसलेल्या आयांना पाहिलं आहे. त्यांना हे इंजिन चालू ठेवा असं मी सांगू शकत नाही.

सध्या मिस्त्रींना सर्वांत जास्त छळतं ते पेट्रोल. आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं मिळतं. इथेनॉलचा ऑक्टेन जास्त, त्यामुळे घासलेल्या हेडला ते एका अर्थी मानवतं. पण त्याला जळायला हवा कमी लागते, म्हणून जुन्या जेटमधून गेलेलं मिश्रण पातळ पडतं, पिस्टन तापतो आणि चढावर जाम होतो. मग मेन जेट मोठा करा, प्लगचा रंग बघा, पुन्हा जेट बदला. कार्ब्युरेटरमधली जुनी रबरं फुगतात. पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहिली तर इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, ते टाकीच्या तळाशी साठतं आणि पहिल्या किकला तेच आत जातं. मिस्त्री हल्ली प्रत्येक गिऱ्हाइकाला गाडी ठेवण्याआधी टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामा करायला सांगतात.

सिलिंडर बोअर करणारं भरवशाचं दुकान जवळपास उरलेलं नाही, पिस्टन शोधावे लागतात, आणि मदतीला असलेला मुलगा इलेक्ट्रिक स्कूटरच्या सर्व्हिस सेंटरमध्ये अर्ज भरून आला आहे. मिस्त्रींनीच त्याला भरायला लावला. तिथे मोजमापाची शिस्त लागेल, आणि ती याला आहे, असं त्यांनी मला सांगितलं. मग २.१ ची तार पुन्हा व्हर्निअरमध्ये धरून ते म्हणाले, अजून आठ दशांश घालवायचेत.