कुत्र्याला सोबत घेऊन पळायचं? आधी प्रश्न नीट मांडू

समजा, तुम्ही दहिवलीत राहता, रोज सकाळी उल्हासच्या बाजूने पाच किलोमीटर पळता आणि घरचा कुत्राही सोबत यायला उड्या मारतोय. नेलं तर चालेल का? प्रश्न साधा वाटतो, पण असाच्या असा घेतला तर त्याचं उत्तर देता येत नाही. कुठला कुत्रा, कुठला महिना, किती वेग, आणि 'चालेल' हे मोजायचं कशावरून? पीएचडीच्या मुलाखतीत पॅनल नेमकं इथेच पकडतं. म्हणून हा प्रश्न सरावाला घेऊ.

१. यंत्रणा समजून घ्या

आपण अंगभर घाम गाळून गार होतो. कुत्र्याच्या घामाच्या ग्रंथी मुख्यतः पंजांच्या गाद्यांत असतात, त्यामुळे त्याचा भर धापा टाकण्यावर. जीभ, तोंड आणि नाकातल्या ओल्या पृष्ठभागावरून पाणी उडतं आणि उष्णता घेऊन जातं. १ ग्रॅम पाण्यामागे सुमारे २.४ किलोज्यूल. कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं. ४१ च्या वर गेलं की जिवाला धोका.

२. कागदावर हिशोब करा

धरून चालू की बाहेर पडणारा श्वास ३८ अंशांचा आणि बाष्पाने पूर्ण भरलेला आहे. म्हणजे घनमीटरमागे सुमारे ४६ ग्रॅम बाष्प. आता दोन दिवस उदाहरणादाखल घ्या:

- मे महिन्यातली दुपार, ३७ अंश, आर्द्रता ३५ टक्के: हवेत आधीच सुमारे १५ ग्रॅम. उरली जागा ३१ ग्रॅम.
- जुलैतली सकाळ, २७ अंश, आर्द्रता ९५ टक्के: हवेत सुमारे २४ ग्रॅम. उरली जागा २२ ग्रॅम.

म्हणजे पावसाळ्यातल्या 'गार' सकाळी प्रत्येक धापेतून बाष्पावाटे निघणारी उष्णता जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी! पण लगेच निष्कर्षावर उडी मारू नका. जुलैत ऊन नाही, रस्ता तापलेला नाही, आणि गार हवा उष्णता थेटही ओढून घेते. हिशोबातून इतकंच कळतं की नुसतं तापमान बघून ठरवणं अपुरं आहे. आर्द्रता हे वेगळं चल म्हणून नोंदवायलाच हवं.

३. आकडा वाचताना छेद बघा

ब्रिटनमधल्या पशुवैद्यकीय नोंदींवर हॉल, कार्टर आणि ओ'नील यांनी २०२० मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केले. २०१६ मधल्या ९ लाखांहून जास्त कुत्र्यांत उष्णतेच्या आजाराच्या ३९५ नोंदी पक्क्या ठरल्या आणि त्यांतल्या सुमारे १४ टक्के कुत्र्यांचा मृत्यू झाला. पुढच्या निबंधानुसार कारण कळलेल्या प्रकरणांपैकी सुमारे ७४ टक्के श्रमामुळे होती, बंद गाडीमुळे फक्त ५ टक्क्यांच्या आसपास.

याचा अर्थ 'पळवलं तर ७४ टक्के धोका' असा होतो का? अजिबात नाही. हे आजारी पडलेल्यांमधलं प्रमाण आहे. रोज पळून सुखरूप घरी येणारे कुत्रे यात मोजलेलेच नाहीत. आणि ब्रिटनची हवा म्हणजे कर्जतची हवा नव्हे. जातीचा फरक मात्र दखल घेण्यासारखा आहे: लॅब्रॅडॉरच्या तुलनेत बुलडॉगमध्ये शक्यता सुमारे १४ पट निघाली. चपट्या नाकात धापेसाठी जागाच कमी.

४. आता प्रश्न पुन्हा लिहा

'तोच कुत्रा, तेच अंतर, तोच वेग असताना आर्द्रता वाढली की पळण्यानंतर तापमान जास्त चढतं का?' आता हा अभ्यासाचा प्रश्न झाला. प्रत्येक कुत्र्याची तुलना त्याच्याशीच होते, म्हणून जात आणि वय आड येत नाहीत. मोजमाप थांबताक्षणी एकदाच घेऊ नका, कारण थांबल्यावरही काही मिनिटं तापमान चढू शकतं. मालकाची संमती आणि संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची परवानगी आधी, थर्मामीटर नंतर. आणि कुत्रा थकेल तिथे प्रयोग संपला, हे आराखड्यातच लिहून ठेवा.

तोपर्यंत काय?

उत्तर यायची वाट कुत्रा बघू शकत नाही. चपट्या नाकाचा, म्हातारा किंवा लठ्ठ असेल तर पळवू नका, चालवा. इतरांना थोड्या अंतरापासून सवय लावा, उजाडताच निघा, पाणी सोबत ठेवा. तो मागे रेंगाळला, लडखडला किंवा धाप थांबेना, तर लगेच थांबा, सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि गार करत करतच डॉक्टरांकडे न्या. माणूस 'बस' म्हणतो. बरेच कुत्रे मालक पळतोय तोवर पळतच राहतात.

सरावासाठी: वरच्या आराखड्यात अजून कोणतं चल सुटलंय? कमेंटमध्ये लिहा.