सलाइनचे थेंब मोजता येतात, मग सिग्माला का भ्यायचं?

कात्रज-धनकवडीच्या चढावर भारती विद्यापीठाचं रुग्णालय आणि नर्सिंग कॉलेज आहे. तिथेही बी.एस्सी. नर्सिंगला संशोधनाबरोबर स्टॅटिस्टिक्स येतं, आणि 'माझं गणित कच्चं, मला हे जमणार नाही' ही समजूत कुठल्याही नर्सिंगच्या वर्गात भेटते. पण असं म्हणणारी विद्यार्थिनीच वॉर्डात सलाइनचा वेग काढते. 500 मिली, 8 तास, 1 मिलीला 20 थेंबांचा सेट: 500 गुणिले 20, भागिले 480 मिनिटं, म्हणजे मिनिटाला साधारण 21 थेंब. सूत्रात आकडे घालायचे, एककं सांभाळायची, उत्तर भलतंच आलं तर थांबायचं. सुरुवातीच्या स्टॅटिस्टिक्सला यापलीकडे ऋण संख्या, टक्केवारी, वर्गमूळ आणि कंसांचा क्रम पुरतो.

मग परीक्षेत साधी वजाबाकी का चुकते? 'डोकंच नाही' म्हणून नव्हे. मार्क ॲशक्राफ्ट आणि एलिझाबेथ कर्क यांचं 2001 सालचं संशोधन सांगतं, की गणिताची धास्ती कार्यकारी स्मृतीचा ताबा घेते. हातचा लक्षात ठेवायला लागणारी जागा काळजीच खाऊन टाकते. अशा मुलीला फळ्यापाशी उभं करून घाई करणं म्हणजे उरलेली जागाही काढून घेणं. प्रत्येक पायरी कागदावर उतरवू द्यावी.

'आधी दहावीचं पुस्तक पुन्हा करा' हा सल्लाही मला पटत नाही. अडेल तिथेच, अडेल तेवढंच शिकवावं. समजा, पाच जणांची नाडी 70, 72, 74, 76, 78 आहे. सरासरी 74. फरक -4, -2, 0, 2, 4. त्यांची बेरीज शून्य, म्हणून वर्ग करायचे. वर्गांची बेरीज 40. (सिग्मा म्हणजे 'बेरीज करा', एवढाच हुकूम.) भागायचं मात्र 4 ने, कारण चार फरक कळले की पाचवा आपोआप ठरतो. उत्तर 10, वर्गमूळ 3.16. हे प्रमाण विचलन. ऋण संख्यांची उजळणी वाटेतच झाली.

'आता सॉफ्टवेअर आहे, गणित कशाला?' असंही ऐकू येतं. पुरुषांना 1 आणि स्त्रियांना 2 असा कोड देऊन सरासरी मागा, सॉफ्टवेअर 1.62 असं काहीतरी बिनतक्रार छापून देईल.