उशिरा निघालेल्यांची नोकरी

साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचे नाव दाखल झाले. १९२३ साली ते लंडनहून बॅरिस्टर होऊन परतले, तेव्हा वय जवळपास बत्तीस होते. बडोद्याची नोकरी आणि सिडनहॅम कॉलेजातील प्राध्यापकी मागे पडली होती. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या हाती असूनही वकिलीवर भागेना. म्हणून १९२५ ते १९२८ या काळात बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत त्यांना व्यापारी कायदा शिकवावा लागला.

जिथे बाबासाहेबांची ही गत, तिथे आजच्या दलित विद्यार्थ्याचे काय?

सातारा-सांगलीकडचा, घरातला पहिला पदवीधर आधी मिळेल ती नोकरी धरतो. साखर कारखान्यात कारकुनी किंवा कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणे. घराचे कर्ज, धाकट्यांचे शिक्षण यातून मान वर काढेपर्यंत तिशी उलटते. मग राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीकडे लक्ष जाते. तिथे पदव्युत्तर शिक्षणासाठी वयाची अट ३५, पीएच. डी.साठी ४०. म्हणजे सुटता सुटता गाडी मिळते.

खरी अडचण पदवीनंतर सुरू होते. ब्रिटनमधील मोठ्या कंपन्या पदवीधरांसाठी ज्या जागा काढतात, त्या मनात बाविशीचा तरुण धरून काढलेल्या असतात. आपल्या माणसाचा दहा वर्षांचा अनुभव खालच्या जागेला जास्त ठरतो आणि वरच्या जागेला 'इथला नाही' म्हणून मोजलाच जात नाही. २०१० च्या समानता कायद्याने तिथे वयावरून भेदभावाला बंदी आहे. पण दाद मागायला सवड हवी. शिक्षणानंतरचा व्हिसा दोन वर्षांचा. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या एम. ए., एम. एस्सी. झालेल्यांना तो अठराच महिने मिळेल. पुढे राहायचे तर व्हिसाची जबाबदारी घेणारा मालक आणि ठरलेला किमान पगार, दोन्ही हवेत.

परत यावे तर घड्याळ इथेही चालूच असते. केंद्रीय नागरी सेवा परीक्षेला अनुसूचित जातींची वयोमर्यादा ३७, राज्यसेवेला ४३. ही सवलत म्हणजे मेहेरबानी नव्हे. काही समाजांना उशीर करवला गेला, याची ती राज्यसंस्थेने दिलेली कबुली आहे. संविधानाचे १६ वे कलम मात्र सरकारी नोकरीपुरतेच. खाजगी कचेरीत आणि परदेशात ही कबुली कोणी देत नाही. तिथे जातीने लादलेला उशीर उमेदवाराचा वैयक्तिक दोष ठरतो. प्रश्नाचे मूळ इथे आहे.

म्हणून निघण्यापूर्वीच काही कामे उरकावीत. नेट किंवा सेट आधी पास व्हावे. सहायक प्राध्यापकपदाच्या पात्रतेसाठी त्यांना वयोमर्यादा नाही. परदेशी पदवी इथे समकक्ष ठरेल का, याची प्रवेश घेतानाच चौकशी करावी. आणि जुना पेशा अर्जात लपवू नये. कारखान्याचे हिशेब सांभाळलेल्याने अर्थशास्त्राची पदवी घेतली, तर ती दहा वर्षे त्या पदवीचा पाया म्हणून मांडावीत.

मात्र एकेकट्याच्या हुशारीने हा प्रश्न सुटणार नाही. शिष्यवृत्ती देणाऱ्या शासनाने परतणाऱ्याच्या नोकरीचाही विचार केला पाहिजे, ही मागणी आपल्या संघटनांनी लावून धरायला हवी. नुसते विमानाचे तिकीट म्हणजे संधी नव्हे.