‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे कुठे?

जुलैचा तिसरा आठवडा आला की आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाला, आहुप्याच्या बाजूला, भाताची आवणी ऐन भरात असते. खाचरं तुडुंब, पाठीवर इरलं, गुडघाभर चिखलात दिवसभर वाकून रोप लावायचं. त्याच तालुक्याच्या पूर्वेला, सरळ रेषेत पन्नास किलोमीटरच्याही आत असलेल्या मंचरकडे, शेतकरी त्याच दिवशी पेरलेलं उगवेल का या काळजीत असू शकतो. दोघांचा तालुका एक, जिल्हा एक. मोबाइलवर आलेला जिल्ह्याचा हवामान अंदाजही एकच असेल, तर तो दोघांपैकी कोणाच्या कामाचा?

हवामान विभागालाही हा प्रश्न ठाऊक आहे. म्हणूनच पुणे, सातारा, कोल्हापूर, नाशिक या जिल्ह्यांसाठी घाटमाथ्याचा अंदाज वेगळा दिला जातो. तरी त्यातलं एक वाक्य घाटावरच्या माणसाने नीट समजून घेण्यासारखं आहे : ‘घाट परिसरात तुरळक ठिकाणी अतिमुसळधार पावसाची शक्यता.’ ‘तुरळक’ म्हटल्यावर मनात येतं की चार थेंब पडतील, तेही दुसऱ्याच्या गावात. हवामानशास्त्रात या शब्दाचा पावसाच्या जोराशी काही संबंध नाही. त्या भागातल्या जास्तीत जास्त चौथा हिस्सा पर्जन्यमापन केंद्रांवर असा पाऊस होईल, एवढाच त्याचा अर्थ. निम्म्यापर्यंत केंद्रं भिजणार असतील तर ‘काही ठिकाणी’, त्याच्या पुढे ‘अनेक’ आणि ‘बहुतांश’. जोर सांगणारे शब्द वेगळे आहेत. चोवीस तासांत 64.5 मिलिमीटरपासून पुढे ‘मुसळधार’, 115.6 पासून ‘अतिमुसळधार’ आणि 204.5 पासून ‘अत्यंत मुसळधार’.

मिलिमीटरचे आकडे डोळ्यांसमोर उभे राहत नाहीत. पण गणित सोपं आहे : एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर पाणी. गुंठा भरतो साधारण 101 चौरस मीटर. म्हणजे शंभर मिलिमीटर पाऊस झाला की प्रत्येक गुंठ्यावर दहा हजार लिटरचा एक टँकर रिकामा झाला. जुलै 2021 मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात 594 मिलिमीटर पडला. गुंठ्याला सहा टँकर, एका दिवसात.

आता ते ‘तुरळक ठिकाण’ कुठलं? मैदानी प्रदेशात ते कुठेही असू शकतं, कारण ढग कुठे फुगेल याचा नेम नसतो. सह्याद्रीत मात्र त्याचा पत्ता बराचसा ठरलेला आहे. अरबी समुद्रावरून आलेला ओला वारा कोकणची पट्टी ओलांडून कड्यावर आदळतो. पुढे जायला वाट नाही, म्हणून तो वर चढतो, चढताना थंड होतो आणि थंड झालेल्या हवेत पूर्वीइतकी वाफ मावत नाही. कड्याच्या माथ्यावर आणि त्याच्या पाठीशी लागून असलेल्या पाच-दहा किलोमीटरच्या पट्ट्यात ती हवा आपलं ओझं टाकते. माथा ओलांडला की वारा खाली उतरू लागतो, तापतो आणि ढग विरळ होतात. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस होतो, जवळच्या पाचगणीला त्याच्या साधारण तिसरा हिस्सा, आणि घाट उतरून वाईला आलं की सातशेच्या आसपास. म्हणून कड्याकाठच्या गावाने अंदाजातलं ‘तुरळक ठिकाणी’ वाचताना ‘म्हणजे माझ्याकडे’ असंच धरावं, हे माझं ठाम मत आहे.

मग संगणक त्या गावाचं नाव घेऊन सांगत का नाही? हवामानाचं प्रारूप पृथ्वीवर चौकटी आखतं आणि प्रत्येक चौकटीला एकच उंची, एकच पाऊस देतं. अलीकडेपर्यंत आपल्याकडच्या मुख्य जागतिक प्रारूपाची चौकट 12 किलोमीटरची होती. मे 2025 मध्ये पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने घडवलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ सुरू झाली आणि चौकट 6 किलोमीटरवर आली. ही मोठी झेप आहे. पण सह्याद्रीचा कडा दोन-तीन किलोमीटरच्या आत शेकडो मीटर कोसळतो. सहा किलोमीटरच्या चौकटीत तो कडा राहत नाही, त्याचा उतार होतो. कडा बोथट झाला की वाऱ्याची चढणही बोथट होते आणि पावसाचं टोक कमी दिसतं. ऑक्टोबर 2024 पासून ग्रामपंचायतनिहाय पाच दिवसांचा अंदाज मिळू लागला आहे, तो जरूर पाहावा. मात्र पडद्यावर गावाचं नाव आलं म्हणजे हिशेबही गावापुरता बारीक झाला, असं होत नाही. डोंगरातल्या एकेका ग्रामपंचायतीत वर-खाली पसरलेल्या चार-पाच वाड्या असतात.

आठवड्याच्या अंदाजावर दिवसागणिक किती विसंबावं, हेही समजून घ्यायला हवं. हवेची आजची स्थिती मोजताना राहिलेली बारीकशी चूक दर दिवशी फुगत जाते. एडवर्ड लॉरेन्झ यांनी 1963 मध्ये हे गणिताने दाखवलं. म्हणून आता एकच हिशेब न मांडता सुरुवात जराशी बदलून अनेकदा मांडतात. हवामान विभागाने 2018 मध्ये सुरू केलेल्या पद्धतीत असे 21 हिशेब असतात. त्यातले अठरा-एकोणीस मुसळधार म्हणत असतील तर भरवसा जास्त. निम्मे इकडे, निम्मे तिकडे असतील तर कमी. पहिल्या दोन-तीन दिवसांचा अंदाज कामाची आखणी करण्याजोगा असतो. चौथ्या-पाचव्या दिवशी कल कळतो. त्यापुढे बघायची ती मोठी चाल : बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार होतंय का, गुजरातपासून केरळपर्यंत किनाऱ्याला समांतर कमी दाबाचा पट्टा आहे का. या दोन गोष्टी जुळल्या की पश्चिमेचा वारा जोर धरतो आणि घाटावर झड बसते. दोन्ही ओसरल्या की उघाड मिळते.

घाटावरच्या जाणत्यांनी पावसाळ्याची विभागणी नक्षत्रांवर केली आहे. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा तो म्हातारा. सूर्य पुष्यात असतो साधारण 20 जुलै ते 2 ऑगस्ट. आता तारखा पाहा. माळीण, याच आंबेगाव तालुक्यातलं, 30 जुलै 2014 : 151 माणसं गेली. महाड तालुक्यातलं तळिये, 22 जुलै 2021 : ऐंशीहून जास्त. खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी, 19 जुलै 2023 ची रात्र, म्हणजे पुष्याच्या उंबरठ्यावर. हा नक्षत्राचा प्रभाव नाही. तोवर दीड महिना पडून गेलेल्या पावसाने डोंगर भरलेला असतो, हे त्यामागचं कारण. सह्याद्रीच्या काळ्या कातळावर झिजून भुसभुशीत झालेल्या मातीचा जाड थर आहे. तो पाणी पितो, जड होतो. कणाकणांमधलं पाणी दाब देऊ लागलं की कणांची एकमेकांवरची पकड सुटते. अशा भरल्या डोंगरावर शंभर मिलिमीटर पडणं आणि मृगातल्या कोरड्या डोंगरावर शंभर मिलिमीटर पडणं, यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. मोबाइलवरचा इशाऱ्याचा नारिंगी रंग दोन्ही वेळा तोच दिसू शकतो.

म्हणून डोंगरातल्या गावाने येणाऱ्या आठवड्याचा अंदाज कधीच एकटा वाचू नये. सरलेल्या आठवड्याच्या पावसाशेजारी ठेवून वाचावा. दरडींचा अंदाज देणारं राष्ट्रीय केंद्र भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने जुलै 2024 मध्ये कोलकात्याला सुरू केलं. सुरुवात दार्जिलिंग, कालिम्पाँग आणि निलगिरीपासून झाली. सह्याद्रीच्या वाड्यांनाही ते हवं आहे, आणि त्यासाठी सगळ्यात आधी लागतो तो त्या त्या वाडीत पडलेल्या पावसाचा आकडा. तालुक्याच्या गावी घेतलेली नोंद कड्याकाठच्या वाडीचा पाऊस सांगू शकत नाही.

तो आकडा वाडीला स्वतः मिळवता येतो. तळापासून तोंडापर्यंत सारख्या रुंदीचा, सपाट तळाचा एक डबा, आत मिलिमीटरची पट्टी. झाडाच्या आणि पागोळीच्या पाण्यापासून दूर, उघड्यावर पक्का बसवायचा. रोज सकाळी साडेआठला, हवामान विभागाची नोंदीची वेळ तीच आहे, पाणी मोजायचं, वहीत लिहायचं आणि डबा रिकामा करायचा. धो धो पावसात डबा भरून वाहण्याआधीच मोजून पुन्हा ठेवायचा. शाळेतली सातवी-आठवीची मुलं हे काम उत्तम करतील. सलग तीन दिवस मोठे आकडे आले आणि पुढचा अंदाजही नारिंगी किंवा लाल असला, तर उतारावर नवी भेग पडली आहे का, झाडं कलली आहेत का, कधी नव्हता तिथे पाझर फुटला आहे का, ओढ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं किंवा आटलं आहे का, हे उजेड असताना पाहून यावं. यातलं एक जरी दिसलं, तर त्या रात्री घरात झोपू नका. लहान मुलं, म्हातारी माणसं आणि दावणीची जनावरं घेऊन उतारापासून दूर जा, आणि ग्रामपंचायतीला, तहसील कार्यालयाला तेव्हाच कळवा.