जुन्या दाराला नवं कुलूप

वाड्याच्या किंवा जुन्या कौलारू घराच्या दाराला कुलूप बसवायचं, तर आधी दार तपासावं. पुष्कळ जुन्या दारांना बिजागऱ्याच नसतात. फळीचीच वरखालची गोल टोकं चौकटीच्या खाचांत फिरतात. खाच झिजली की फळी खाली बसते आणि कुलपाची जीभ समोरच्या पट्टीतल्या भोकात शिरत नाही. दोष मात्र कुलपाला दिला जातो! तेव्हा सुताराकडून फळी आधी सरळ करून घ्यावी.

दार दोन फळ्यांचं असेल, तर एक फळी वर-खाली मजबूत कड्यांनी पक्की बसायला हवी. ती हलत असेल तर दुसरीवरचं महागडं कुलूपही व्यर्थ. लाकूड पोखरून आत बसवायचं मॉर्टिस कुलूप जाड, भरीव सागवानाला शोभतं. पण पातळ किंवा वाळवीने खाल्लेल्या फळीला ते आणखी कमकुवत करतं. तिथे आतून पृष्ठभागावर बसणारं नाइट लॅच बरं. कडी-कोयंडा काढून टाकायची घाई नको. त्याचे स्क्रू बाहेरून उघडे असतील, तर आरपार बोल्ट घालून आतून नट आवळावेत.

पावसाळ्यात लाकूड फुगतं, म्हणून उन्हाळ्यात अगदी घट्ट माप घेऊ नये. जुनं सागवान टणक असतं; आधी बारीक ड्रिल न मारता स्क्रू पिळला तर तो तुटतो किंवा फळी तडकते. जीभ जिथे शिरते त्या चौकटीकडच्या पट्टीला लांब स्क्रू हवेत. कोकणात पितळ किंवा स्टेनलेस स्टील घ्यावं. खाऱ्या हवेत साधं लोखंड लवकर गंजतं.