ग्वाल्हेरचे जहाज आणि गिअरचे दाते

ग्वाल्हेरच्या किल्ल्याची पूर्वेकडील चढण जेथून सुरू होते, त्या किला गेटच्या परिसरापासून कोणत्याही दिशेने निघाले तरी समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही भारतीय मालकीच्या आगबोटींचा इतिहास लिहिताना या शहराला वगळता येत नाही. 5 एप्रिल 1919 रोजी मुंबईहून लंडनकडे निघालेले ‘लॉयल्टी’ हे जहाज ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडून विकत घेतलेले होते, ते घेणाऱ्या कंपनीने ‘सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन’ असे नाव धारण केले, आणि 1964 पासून 5 एप्रिल हाच दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. ही हकीकत बहुधा देशाभिमानाच्या अंगाने सांगितली जाते आणि ते योग्यच आहे; परंतु जहाज चालते ते यंत्रांवर आणि टिकते ते डागडुजीवर, ही तिची दुसरी बाजू तितकीच मोलाची असून तिच्याकडे मात्र फार कमी लक्ष गेले आहे.

लॉयल्टीचे मूळ नाव ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’. इंग्लंडमधील बॅरो येथे बांधलेले हे जहाज 1890 च्या ऑगस्टमध्ये पाण्यात उतरले आणि पुढील वर्षापासून कॅनेडियन पॅसिफिक कंपनीसाठी व्हँकूव्हर व हाँगकाँग यांच्या दरम्यान टपाल आणि उतारू नेऊ लागले. त्याची नोंदणीकृत क्षमता 5,905 टन होती; जहाजाचा हा ‘ग्रॉस टन’ वजनाचा नसून आतील बंदिस्त जागेचे माप असतो. उतारूंसाठी बांधलेले असले तरी युद्धप्रसंगी तोफा बसवता याव्यात अशी सोय त्यात ब्रिटिश नौदलाच्या सांगण्यावरून आधीच केलेली होती, त्यामुळे व्यापारी जहाज आणि लढाऊ जहाज यांच्यात वाटते तेवढे अंतर नसते, याचा ते चांगला नमुना ठरते. त्याला तिहेरी प्रसरणाची वाफेची इंजिने होती. या रचनेत बॉयलरमधील जोरदार दाबाची वाफ प्रथम लहान सिलिंडरचा दट्ट्या ढकलते, दाब उतरल्यावर तीच वाफ मधल्या सिलिंडरमध्ये आणि शेवटी सर्वांत मोठ्या सिलिंडरमध्ये जाते, म्हणजे एकाच वाफेकडून तीनदा काम करून घेतले जाते आणि कोळशाची मोठी बचत होते. जहाजाला दोन स्वतंत्र पंखे होते, त्यामुळे एक बिघडला तरी दुसऱ्याच्या बळावर बंदर गाठता येत असे.

ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी हे जहाज 1914 साली, पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर, जखमी सैनिकांसाठी रुग्णालय-जहाज म्हणून मिळवले, तेव्हा हा प्रयोग त्यांना नवा नव्हता. 1900 साली चीनमधील बॉक्सर बंडाच्या वेळी ‘ग्वाल्हेर’ नावाचे रुग्णालय-जहाज त्यांनीच सज्ज करून दिले होते. उतारू-जहाजाचे रुग्णालय करणे म्हणजे केवळ खोल्यांत खाटा मांडणे नव्हे. शस्त्रक्रियेच्या खोलीला अखंड वीज लागते, शेकडो रुग्णांच्या आंघोळीला आणि कपड्यांना गोडे पाणी लागते व ते समुद्राच्या पाण्याची वाफ करून ती थंड करून मिळवावे लागते, खालच्या मजल्यांवर हवा खेळती ठेवावी लागते, आणि ही सारी वाढीव यंत्रे मूळ बॉयलरच्या ताकदीत बसवावी लागतात.

युद्ध संपले तेव्हा सोलापूरचे वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आणि त्यांचे सहकारी यांनी हे जहाज विकत घेतले. युद्धात असंख्य जहाजे बुडाल्याने जगभर जहाजांची टंचाई होती आणि भारतीय मालकीचे जहाज लंडनला जाऊ शकते हे दाखवण्याची ईर्षा मोठी होती, त्यामुळे त्या निर्णयाला दोष देता येत नाही. परंतु जहाज तोवर जवळजवळ तीस वर्षांचे झालेले होते, आणि तेवढ्या वयाच्या आगबोटीच्या बॉयलरपासून नळ्यांपर्यंत प्रत्येक भाग पैसा मागतो. बलाढ्य ब्रिटिश कंपन्यांनी भाडेदर पाडून स्पर्धकाला जेरीस आणायचे ठरवल्यावर असा खर्च पेलणे कोणत्याही नव्या कंपनीला कठीणच होते. लॉयल्टी 1923 साली मुंबईतच मोडीत निघाले, आणि त्याच वर्षी सिंदिया कंपनीला आपल्या विस्तारावर दहा वर्षांची मर्यादा घालणारा करार प्रतिस्पर्ध्यांशी करावा लागला.

डागडुजीचा हा खर्च नेमका कशावर होतो, हे सुक्या गोदीत उभ्या असलेल्या कोणत्याही जहाजाकडे पाहिल्यास समजते. सुकी गोदी म्हणजे दरवाजा असलेला प्रचंड हौद. जहाज आत घ्यायचे, दरवाजा लावायचा, पाणी उपसायचे, म्हणजे एरवी बुडालेला तळ उघडा पडतो. त्या तळावर बार्नेकल नावाचे कठीण कवचाचे जीव आणि शेवाळ यांचा थर बसलेला असतो, आणि त्याच्या खरबरीतपणामुळे तेवढ्याच वेगासाठी जास्त इंधन जळते. तो थर खरवडून रंग देतात, पोलादाऐवजी स्वतः झिजून जाणाऱ्या जस्ताच्या वड्या बदलतात आणि मग मागच्या बाजूस पंख्याच्या दांड्याकडे वळतात. हा दांडा, म्हणजे शाफ्ट, जहाजाच्या आतून बाहेर पाण्यात जातो. तो फिरता राहिला पाहिजे आणि पाणी मात्र आत येता कामा नये. आगबोटींच्या काळी या नळीत लिग्नम व्हायटी नावाच्या अमेरिकी लाकडाच्या पट्ट्या बसवत, कारण हे लाकूड अतिशय जड, राळयुक्त आणि पाण्यातच वंगण मिळाल्यासारखे गुळगुळीत राहणारे असते. दांडा आणि पट्टी यांच्यामधील फट पातळ पोलादी पात्या सरकवून मोजली जाई, आणि ती ठरलेल्या मापापलीकडे वाढली असेल तर दांडा बाहेर काढून सगळ्या पट्ट्या नव्याने बसवाव्या लागत. हे काम करणारे हात मुंबईत होते: लवजी नसरवानजी वाडिया 1735 मध्ये सुरतेहून येथे आल्यापासून मुंबईच्या गोदीला जहाजबांधणीची परंपरा लाभली होती, आणि माझगावला 1774 पासून गोदी होती. मोठे आधुनिक पोलादी जहाज मुळापासून उभारणारा कारखाना मात्र देशात नव्हता.

ती उणीव वालचंद यांनी ओळखली. 21 जून 1941 रोजी विशाखापट्टणम येथे सिंदिया कंपनीच्या कारखान्याची कोनशिला डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी बसवली, पुढच्याच वर्षी त्या शहरावर जपानी बाँब पडले, काम रेंगाळले, आणि अखेर 14 मार्च 1948 रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते ‘जलउषा’ पाण्यात उतरली. पुढे सरकारने तो कारखाना हाती घेतला व तो आज हिंदुस्तान शिपयार्ड म्हणून ओळखला जातो. त्याच्या शेजारच्या वस्तीला मात्र लोक अजून ‘सिंदिया’च म्हणतात.

जहाजाचा सांगाडा बांधता येणे आणि त्याच्या पोटातील यंत्रे घडवता येणे यांतील अंतर भारताला त्यानंतरही दीर्घकाळ जाणवत राहिले. भारतीय नौदल युद्धनौकेच्या सामग्रीचे तीन वाटे करते: तरंगण्याचे, चालण्याचे आणि लढण्याचे. 2015 मध्ये स्वदेशीकरणाचा पंधरा वर्षांचा आराखडा मांडला गेला, त्या सुमारास पहिल्यात सुमारे 90 टक्के, दुसऱ्यात 60 टक्के आणि तिसऱ्यात जेमतेम 30 टक्के भाग देशी असल्याचे सांगितले जात असे. माझगाव गोदीत बांधलेली ‘नीलगिरी’ ही फ्रिगेट 1972 मध्येच नौदलात दाखल झाली होती, हे ध्यानात घेता चालण्याच्या वाट्यातील ही पिछाडी अधिकच खुपते. ती भरून काढण्याच्या कामात महाराष्ट्राच्या कारखान्यांचा हिस्सा मोठा आहे. 2014 मध्ये दाखल झालेल्या ‘कामोर्टा’ या पाणबुडीविरोधी नौकेची चार डिझेल इंजिने फ्रेंच बनावटीच्या परवान्यावर किर्लोस्कर ऑइल इंजिन्सने दिलेली आहेत. पाणबुडीला वर न येता अधिक काळ पाण्याखाली राहू देणाऱ्या इंधन-घटावर अंबरनाथच्या नौदल साहित्य संशोधन प्रयोगशाळेने काम केले आहे.

वालचंद यांच्याच नावाचा आणखी एक धागा इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर येथे पोहोचतो. साखर कारखान्यांची अवजड यंत्रे घडवणारा तेथील उद्योग नौदलाच्या जहाजांसाठी गिअरबॉक्सही तयार करतो, आणि ही जागासुद्धा ग्वाल्हेरप्रमाणेच समुद्रापासून दूर, उसाच्या पट्ट्यात आहे. गिअरबॉक्सची गरज समजून घेण्यास एक उदाहरण पुरेसे आहे. अनेक युद्धनौकांवर असणाऱ्या एलएम 2500 या गॅस टर्बाइनचा शक्ती देणारा दांडा मिनिटाला सुमारे 3,600 फेरे घेतो, पण पंखा इतक्या वेगाने फिरवला तर पात्यांभोवती बुडबुडे उठून फुटू लागतात, धातू खाल्ला जातो आणि जोर वाया जातो. म्हणून मधल्या दातेरी चाकांनी तो वेग कित्येक पटींनी खाली आणावा लागतो. साखर कारखान्यातही टर्बाइनचा वेग उतरवून ऊस चिरडणारे रूळ सावकाश फिरवावे लागतात, तत्त्व तेच असते. फरक आवाजाचा आहे. उसाच्या गिरणीचा गडगडाट कोणाला खटकत नाही, पण युद्धनौकेच्या गिअरमधील एका दात्याचा उंचवटा प्रत्येक फेऱ्याला ठराविक सुरात पाण्यात उमटतो, आणि शत्रूच्या पाणबुडीतील श्रवणयंत्राला तेवढी खूण पुरते. त्यासाठी हे दाते कापून, कडक करून, नंतर केसाच्या जाडीच्याही अंशात मोजल्या जाणाऱ्या अचूकतेने घासले जातात. दात्यावर रंगाचा पातळ हात देऊन दोन चाके एकमेकांवर फिरवतात आणि रंग कोठे पुसला गेला ते पाहतात, कारण दाता पूर्ण रुंदीभर सारखा टेकला नसेल तर तो डाग लगेच सांगतो. त्यानंतर गिअरबॉक्स कारखान्यातच चालवून पारखला जातो आणि उसाच्या शेतांमधील रस्त्याने गोदीकडे रवाना होतो.