हललेला हात

आमच्या भाईंदरच्या बचत गटात गेल्या महिन्यात ठरलं, प्रत्येकीनं आपल्या आईचा नाहीतर आजीचा जुना फोटो आणायचा. मी आजीचा नेला. एकच तर आहे! गावातल्या स्टुडिओत काढलेला. आई तेव्हा चार वर्षांची. आजी खुर्चीवर ताठ बसलीय, पण तिचा उजवा हात मात्र नुसता धुरासारखा पुसट. आईचा फ्रॉक सारखा करायला गेली, तेवढ्यात फोटो निघाला.

‘‘ताई, हा हात कम्प्युटरवर साफ करून घ्या की,’’ एक मुलगी म्हणाली. मी नाही म्हटलं. अहो, कॅमेऱ्याची झडप उघडते, मिटते. तेवढ्या वेळात जे स्थिर राहतं ते स्पष्ट येतं, जे हलतं त्याचा फराटा होतो. विरार लोकलमधून खाडीचा पूल ओलांडताना मोबाइलवर फोटो काढून बघा. पुलाचे जवळचे खांब पुसले जातात, लांबची तिवरं मात्र जागच्या जागी! आजीचा हात पुसट आला, कारण तो कामात होता.

दादासाहेब फाळक्यांनी याच्या उलट गंमत केली. डोळ्यांना दिसतच नाही इतकी सावकाश हालचाल त्यांनी पकडली. १९१२ साली लंडनहून कॅमेरा आणल्यावर त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा पक्का बसवला आणि महिन्याहून जास्त दिवस थोडं थोडं चित्रण करत राहिले. पडद्यावर चालवलं, तर मिनिटभरात अंकुर फुटून वेल वर चढला. ते बघूनच पुढे पैसे देणारे भेटले.

आणि घरात सरस्वतीबाई होत्या. तेव्हा कच्च्या फिल्मला कडेनं भोकं पाडावी लागत, तीही अंधारात. ते काम त्या शिकल्या. शिवाय रसायनं मिसळायची, उन्हात पांढऱ्या चादरी धरून उभं राहायचं, साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करायचा. दागिनेही दिलेच. ३ मे १९१३ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. त्यात तारामती झाले अण्णा साळुंके, कारण कामाला बाई मिळेना. पण भोकांशिवाय फिल्म कॅमेऱ्यात एक पाऊल पुढे सरकत नाही. म्हणजे पडद्यावर बाई नसली, तरी चित्र चालत होतं ते बाईच्या हातावर. हे आपल्याला शाळेत कुणी सांगितलं का हो?

बैठकीत चौघींकडे फोटोच नव्हता. त्यातल्या एकीची आई उत्तनला बांबूंवर बोंबील वाळत घालते. ‘‘ती फोटोला उभीच राहत नाही, कामं पडलीत म्हणते,’’ ती म्हणाली. म्हटलं, उभी करूच नकोस, काम करतानाच काढ.

काल तिनं मोबाइलवर दाखवला. बोंबील एकूणएक स्पष्ट आलेत. आईचे दोन्ही हात मात्र नुसते फराटे.